खडूचा गोल

कंपनीच्या बसमध्ये खिडकीची जागा माझ्या दोस्ताची आणि शेजारची माझी, हे चौदा वर्षं ठरलेलं होतं. पिंपरीतल्या आमच्या वसाहतीच्या थांब्यावर आम्ही दोघं एकदम चढायचो आणि चाकण येईपर्यंत तो खिडकीला डोकं टेकून घोरायचा. दोघंही गाड्या रंगवायच्या एकाच खात्यात, पेंट शॉपमध्ये, एकाच शिफ्टला. वसाहतीत दगडफेक झाली, त्यानंतरच्या सोमवारी तो आमच्या थांब्यावर आला नाही. पुढच्या थांब्यापर्यंत चालत गेला, तिथून चढला आणि पार मागे जाऊन बसला. माझ्या शेजारची खिडकी रिकामीच राहिली. तिकडं सरकायचं धाडस मला काही झालं नाही.

आमच्या दोन गल्ल्या. पुढच्या गल्लीत आम्ही, लातूर-बीडकडून पोटासाठी आलेले. मागच्या गल्लीत बौद्ध कुटुंबं, त्यातलंच एक त्याचं. त्यांचे बापजादे आमच्या आधी एक पिढी इथल्या कारखान्यांत लागलेले. दोन्ही गल्ल्या जिथं मिळतात तिथं शाळेची लांब भिंत आहे. भांडण खरं तर आमचं नव्हतंच. दूर कुठंतरी काहीतरी घडलं, ते मोबाइलवर फिरलं आणि एका दुपारी दोन्हीकडून दगड सुटले.

त्या दुपारी त्याची आई आमच्या गल्लीतल्या दवाखान्यात आली होती. तो ओव्हरटाइमला कंपनीत, मी घरी. त्यानं मला फोन केला. कशासाठी, हे मला न उचलताच कळलं होतं. तीनदा वाजला. तिला घरात घेतलं तर आपल्याच गल्लीतले लोक काय म्हणतील, या विचारानं मी तो उचललाच नाही. चौदा वर्षांची दोस्ती आणि मी पडद्यामागं उभा. म्हातारी एकटीच माझ्या दारावरून गेली आणि कोपऱ्यावर तिला दगड लागला. कपाळाला चार टाके पडले. स्वतःची इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

चार महिन्यांनी शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंनी दोन्ही गल्ल्यांना बोलावलं. भिंतीवर आपण सगळ्यांनी मिळून चित्रं काढू, म्हणाल्या. लगेच एक बाजू म्हणाली, निळा रंग चालणार नाही. दुसरी म्हणाली, मग भगवाही चालणार नाही. "आकाश काय हिरवं काढू?" बाई चिडल्या. तासभर वाद झाल्यावर त्यांनी आकाशच रद्द करून टाकलं. फक्त माणसं काढायची. नियम एकच, प्रत्येकानं पलीकडच्या गल्लीतलं माणूस काढायचं, तेही समोर खुर्चीवर बसवून. चित्रकला येवो न येवो.

भिंत तयार करायचं काम साहजिकच आम्हा दोघा कंपनीतल्या पेंटरांच्या गळ्यात पडलं. तो तोंडातून चकार शब्द काढायला तयार नव्हता. पण आमच्या पेंट शॉपची एक रीत आहे. आपल्या कामातली चूक आपण शोधायची नाही, ती दुसऱ्यानं शोधायची, कारण आपलं काम आपल्याला चांगलंच दिसतं. दुसरा चूक दिसेल तिथं खडूनं गोल करतो. ज्याची चूक त्यानं ती सुधारायची, आणि गोल करणाऱ्यानंच मग तो हातानं पुसायचा. मी प्राइमर मारत होतो, तो मागून पातळ जागांवर गोल करत येत होता. मी सुधारलं की पुसत होता. बोलणं नव्हतं, पण मला तेवढंही पुष्कळ होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी वसाहत जमली, आणि भिंतीवरून आमच्या प्राइमरचे पापडाएवढे पोपडे लोंबत होते. झालं होतं असं, की आमच्यापुढं गाडीची बॉडी येते ती धुऊन, पुसून, चकचकीत. तिचं अंग साफ करणारं खातं वेगळं. इतक्या वर्षांत आम्ही दोघांनी कधी काही खरवडलंच नव्हतं. जुन्या चुन्याच्या भिंतीवर आम्ही सरळ रंग ठोकून मोकळे झालो होतो.

"प्लास्टरच भंगार आहे," मी म्हणालो.

"नाचता येईना अंगण वाकडं!" गर्दीतून आवाज आला. त्याची आई होती. तिनं उभी हयात लोकांची घरं चुन्यानं रंगवण्यात घालवलेली. "आदी खरवडायचं आस्तंय, बाबांनो. कंपनीत हेच शिकवत्यात व्हय?"

दोन्ही गल्ल्या हसल्या. पोट धरून, एकदम. चार महिन्यांत पहिल्यांदा तिथं असा आवाज झाला, आणि तो आमच्या फजितीवर झाला याचं मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही. म्हातारीनं आम्हा दोघांच्या हातात एकेक पत्रा दिला आणि दिवसभर भिंत खरवडून घेतली.

चित्रं काढायची वेळ आली तेव्हा ती सरळ माझ्यासमोरच्या खुर्चीवर येऊन बसली. आता तिच्या तोंडाकडं बघणं आलं. मी बघितलं की नजर टाक्यांच्या वणावर जायची आणि मी ब्रश बुचकळत बसायचो.

आजूबाजूला कुणी नाही असं बघून ती म्हणाली, "त्या दिशी तुज्या दाराला कुलूप व्हतं, आसं सांगितलंय म्या पोराला. तू बी तेच सांग."

मी मान खाली घालून ब्रश निथळायला लागलो.

"पडदा हाललेला दिसला मला," ती म्हणाली. "पर दोस्त काय बाजारात मिळत न्हाई. काढ आता, मान आवघडली माजी."

तिनं मला सुटायला वाट करून दिली होती, आणि मी ती पकडली. तिचं नाक काढलं, डोळे काढले, पदर काढला. कपाळ मात्र स्वच्छ ठेवलं. कुलूप होतं म्हणायचं आणि झालं, असं मनाशी ठरवून टाकलं.

संध्याकाळी तो आला. त्यानं आमच्या गल्लीतल्या दवाखान्याचा कंपाउंडर काढला होता, आणि कंपाउंडर स्वतःला ओळखायला तयार नव्हता. तो माझ्या चित्रापुढं उभा राहिला. मग खिशातून खडू काढला आणि आईच्या कोऱ्या कपाळावर गोल केला.

कुलपाचं वाक्य ओठांवर होतं, पण त्या गोलापुढं ते चालणार नव्हतं.

"मी घरातच होतो," मी म्हणालो. "तुझा फोन बघितला. आई दारावरून गेली तेही बघितलं. घाबरलो. कुलूप-बिलूप काही नव्हतं."

"माहितीय," तो म्हणाला. चार महिन्यांतला हा त्याचा पहिला शब्द. "तुझ्या दाराची बाहेरची कडी दोन वर्षं तुटलीय. बसवून दे म्हणून माझ्याच मागं लागला होतास की. कुलूप अडकवणार कशात?"

"मग बोलला का नाहीस?"

"तू कधी बोलतोस ते बघत होतो, राव. लई वेळ लावलास."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते लपवलं नाही. ब्रश उचलला आणि गोलाच्या आत चार टाके काढले, एकेक करून. टाके बरे आले. तो शेजारी उभा राहून बघत होता. चौथा झाल्यावर त्यानं पुढं होऊन तळहातानं खडूचा गोल पुसला.

मागं खुर्चीवरून म्हातारी म्हणाली, "आता कसं माज्यासारकं दिसतंय."

सोमवारी तो आमच्याच थांब्यावर उभा होता. मी आधी चढलो आणि सवयीनं माझ्या जागेवर बसलो.

"पाय घे," तो म्हणाला. मी पाय घेतले. तो आत खिडकीशी जाऊन बसला आणि वाटेतली मोशी यायच्या आत घोरायला लागला. चौदा वर्षं मी त्या घोरण्याला शिव्या घातल्या होत्या. त्या सकाळी चाकणपर्यंत ते ऐकत गेलो.