खाट रिकामी करणारी बाई

झोपलेल्या माणसाच्या अंगाखालून चादर ओढायची द्रुपदाबाईंची एक हातोटी होती. पहाटे चहाचं आधण ठेवलं की त्या दाराजवळच्या खाटेपासून सुरुवात करत. दोन टोकं धरायची, एक हिसका द्यायचा, की चादर बाईंच्या हातात आणि माणूस उघड्या लोखंडी पट्ट्यांवर. कोणी शिव्या देई, कोणी रडे. एकदा तापानं फणफणलेल्या एका हमालाची चादरही त्यांनी अशीच ओढली. मग कपाळाला हात लावून पाहिला, गोळी दिली, गरम चहा पाजला. पण चादर काही परत दिली नाही. मी रागावून विचारलं तर म्हणाल्या, "गोळी पोटात जाते अन् संपते, भाऊ. चादरीची सवय अंगात मुरते."

हा आमच्या नगरपालिकेचा बेघर निवारा. यवतमाळ जिल्ह्यातलं, मारेगावच्या अलीकडचं गाव. नाव सांगत नाही, कारण या हकिगतीतली मंडळी अजून खुर्च्यांवर बसलेली आहेत. बोंडअळीनं कापूस खाल्ला ती वर्षं. तेव्हा शेतकऱ्याविषयी सगळ्यांनी लिहिलं, आणि लिहायलाच हवं होतं. पण कापूस आला नाही म्हणून सरकी काढणारे जिनिंग कारखाने बंद पडले, आणि जिनिंगच्या आवारात टिनाच्या खोल्यांत उभा जन्म काढलेले मजूर एका सकाळी गाठोड्यांसकट फाटकाबाहेर आले, त्यांच्याविषयी कोणी अवाक्षर काढलं नाही. ते एसटी स्टँडवर, बाजाराच्या ओट्यांवर, जागा मिळेल तिथं पडून राहिले. मग वरून योजना आली, पालिकेनं जुन्या जकात नाक्याच्या इमारतीत खाटा टाकल्या, आणि 'समुदाय संघटक' असं भारदस्त नाव देऊन मला करारावर नेमलं.

द्रुपदाबाई त्या फाटकाबाहेर आलेल्यांपैकीच. जिनिंगमध्ये डोक्यावरून कापसाचे टोपले वाहायच्या. नवरा त्याच आवारात वारला, मूलबाळ नाही. निवाऱ्यातली पहिली खाट त्यांनीच धरली आणि थोड्याच दिवसांत इतरांवर असा वचक बसवला, की निवारा चालवणाऱ्या बचत गटानं त्यांनाच काळजीवाहक करून टाकलं. खाट तीच राहिली. फरक एवढाच, की आता तिच्यावर झोपणारी बाई कागदोपत्री बेघर नव्हती, कर्मचारी होती. त्यांना दुसरं कुठलंही छप्पर नाही, हे पालिकेत शिपायापासून मुख्याधिकाऱ्यापर्यंत प्रत्येकाला ठाऊक होतं.

निवाऱ्यात कोणी रुळायला लागला की बाईंचं डोकं फिरायचं. "ही पाणपोई हाये," त्या सुनवायच्या. "पाणी प्या अन् पुढं चाला. पाणपोईत कोणी संसार थाटते का?" आणि नुसतं सुनावून थांबायच्या नाहीत. स्वतः वणवण हिंडून काम शोधायच्या, खोली शोधायच्या, आणि माणसाला तिथं नेऊन अक्षरशः ढकलायच्या. वामन नावाचा एक जिनिंगवाला होता. त्याची दोन बोटं यंत्राच्या रुळांत गेली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो तुटका पंजा दाखवत दिवसभर पायरीवर बसे. बाई एकदा सगळ्यांदेखत त्याला म्हणाल्या, "दाखवून झालं का? दोन बोटं गेली, बाकीचा वामन कुठं गेला?" वामन महिनाभर त्यांच्याशी बोलला नाही. त्या महिन्यात बाईंनी राजूरला कोळशाच्या डेपोवर दहा चकरा मारून तिथल्या मालकाचा जीव नकोसा केला आणि वामनला चौकीदारी मिळवून दिली, राहायच्या खोलीसकट. तो गाठोडं घ्यायला आला तेव्हा ते आधीच दाराबाहेर ठेवलेलं होतं. वामन उंबऱ्यावर थुंकून निघून गेला. बाईंनी फडक्यानं उंबरा पुसला आणि त्याच्या खाटेवर नव्या माणसासाठी चादर घातली.

हिवाळ्यात ब्लँकेटं वाटायला एक शेटजी आले. तेच ते, ज्यांनी जिनिंगला कुलूप ठोकून आवार रिकामं करून घेतलं होतं. बरोबर फोटोवाला, हार, सगळा सरंजाम. बाई रांगेत शेवटी उभ्या राहिल्या. ब्लँकेट हातात घेऊन त्यांनी ते बोटांत चुरगाळून पाहिलं आणि म्हणाल्या, "कापसाचे शेट अन् पांघरूण नायलॉनचं! तुमचा कापूस मी डोक्यावर वाह्यला, शेटजी. त्यातला एवढासाबी उरला नाही का?" फोटोवाल्याचा हात थांबला. शेटजी हसले, कारण पैसेवाल्याला अशा वेळी हसता येतं. मला मात्र त्या दिवशी दुपारचं जेवण फार गोड लागलं.

मग राज्यभर मोहीम सुरू झाली. निवाऱ्यांतल्या प्रत्येकाला घरकुल, ते नाही तर भाड्याची खोली, आणि हाताला काम. जे गाव बेघरमुक्त होईल त्याच्या अधिकाऱ्याचा मुंबईत सत्कार. आमचे मुख्याधिकारी तरुण होते, गोड बोलायचे, सगळ्या बायांना ताई म्हणायचे. त्यांनी बाईंना बोलावून चहा पाजला आणि सांगितलं, "ताई, हे काम तुमच्याशिवाय होणार नाही." ते खोटं नव्हतं. बाईंच्या अंगात वारं शिरलं. रोजगार हमीच्या कामांवर, वीटभट्ट्यांवर, खानावळींत त्यांनी माणसं लावली. कोणाच्या गावी घरकुल अडलं असेल तर ग्रामसेवकाच्या दारात जाऊन बसल्या. खाटा एकेक करून रिकाम्या झाल्या.

मी बाईंचंच नाव घरकुलासाठी साहेबांसमोर मांडलं. साहेब म्हणाले, "त्या स्टाफ आहेत. स्टाफच बेघर निघाला तर आपलं हसं होईल. शेवटी बघू त्यांचं." माझं टाळकं सरकलं. येऊन बाईंना सांगितलं तर त्या मलाच समजावायला लागल्या. त्यांच्या वस्तीत लग्नाची पंगत असली की वाढणाऱ्या बाया शेवटी जेवत. पण त्या जेवल्याशिवाय गंज, म्हणजे भाताचं मोठं पातेलं, घासायला न्यायची कोणाची टाप नसे. वस्तीतली एखादी म्हातारी गंजावर हात ठेवून उभीच असे. त्या पंगतीवर वाढलेली बाई. "वाढणारीनंच आधी पान मांडून घेतलं तं चांगलं दिसते का?" त्या म्हणाल्या. "साहेब शेवटी म्हणले ना? मंग झालं." मी म्हणालो, "बाई, ऑफिसात पंगत नसते." त्यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, तुम्ही करारवाले, तुमचा कोणावरच भरोसा नाही.

शेवटी एकच खाट भरलेली राहिली. सोनाबाई, घाटंजीकडच्या एका तांड्यातली बंजारा म्हातारी. मुलं ऊसतोडीला गेली, मागं पावसात झोपडं बसलं, आणि ही भीक मागत आमच्या गावात येऊन पोचली. तिला फक्त गोरबोली यायची. दिवसभर आपल्या बोलीत भिंतीशी काहीबाही बोलत राहायची, आणि द्रुपदाबाई दिसल्या की 'याडी' म्हणायची. याडी म्हणजे आई. वयानं ही त्यांच्या आईएवढी, आणि त्यांनाच आई म्हणायची. बाईंनी तिचे केस विंचरलेले, तिला आंघोळ घातलेली मी पाहिली आहे, आणि ते करताना तोंडानं चाललेला शिव्यांचा पट्टाही ऐकला आहे.

सोनाबाईच्या मुलाचं घरकुल तांड्यात बांधून झालं, मुलगा परत आला. तेव्हा मी बाईंना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं: ही म्हातारी या खाटेवर आहे तोवर निवाऱ्याला कुलूप लावायची कोणाची हिंमत नाही. तुमच्या घराचं होईपर्यंत तिला राहू द्या. नाहीतर पहिल्यांदा तुम्ही रस्त्यावर याल.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना समजलं नव्हतं असं नाही. मग म्हणाल्या, "तिची बोली इथं कोणाले समजत नाही, भाऊ. बोलाले माणूस नाही म्हणून भिंतीशी बोलते. तिचं घर झालं, पोरगा आला. अन् माह्या छपरासाठी मी तिले इथं डांबून ठेवू? मी काय शेट हाओ?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी सोनाबाईची चादर ओढली. म्हातारीनं त्यांचा पदर दोन्ही हातांनी धरला आणि याडी, याडी करत हंबरडा फोडला. बाईंनी तिची बोटं सोडवली. "मी तुही कोणी नाही," त्या ओरडल्या. "ऊठ. घरी जाय." मला ते पाहवत नव्हतं. तांड्यावर पोचल्यावर बाईंनी तांड्याच्या प्रमुखाला, नाईकाला बोलावलं, चार माणसं गोळा केली, आणि म्हातारीची खाट अंगणात नाही, नव्या घरात आत पडेल असा शब्द सगळ्यांसमोर घेतला. नाईकानं दिलेला शब्द तांड्यात कोणी मोडत नाही, हे त्या आधी विचारून आल्या होत्या. परतीच्या बसमध्ये त्या खिडकीकडे तोंड करून रडल्या. माह्याकडं पाहू नका म्हणाल्या, म्हणून मी पाहिलं नाही.

आठवडाभरात निवाऱ्यासमोर मांडव पडला. 'बेघरमुक्त शहर' असा निळा बोर्ड, नारळ, भाषणं. पाहुण्यांना गुच्छ द्यायला बाईंना उभं केलं होतं. नवं लुगडं नेसून त्या हौसेनं उभ्या राहिल्या. पाहुणे गेले आणि शिपाई कुलूप घेऊन आला. बचत गटाचा करार संपला होता. बाईंना वाटलं, आता आपलं पान. त्या साहेबांच्या गाडीजवळ गेल्या आणि विचारलं, माह्या घराचं कसं?

साहेब म्हणाले, आता बेघरच नाहीत तर योजना बंद झाली, ताई.

"काहून नाहीत?" बाई म्हणाल्या. "मी हाओ ना."

साहेब हसले. अगदी प्रेमानं हसले. "ताई, तुम्हाला मोजलं तर आत्ताच लावलेला बोर्ड काढावा लागेल."

गाडी गेली. बाई आपली पिशवी घेऊन पायरीवर बसून राहिल्या. मी म्हटलं, घरी चला. बायकोनंही येऊन हात धरला. पण माझ्या दोन खोल्या, त्यात आई, दोन लेकरं. बाईंनी ते कधीच पाहून ठेवलं होतं. पाहुणी म्हणून येईन, बिऱ्हाड म्हणून नाही, असं म्हणून त्या एसटी स्टँडवर गेल्या. चार दिवसांनी मुंबईहून पाहणीचं पथक यायचं होतं. त्याआधी स्टँड साफ करायचा हुकूम निघाला, आणि पालिकेच्या माणसांनी द्रुपदाबाईंना धरून मारेगावच्या गाडीत बसवलं. त्याच माणसांनी, ज्यांनी वर्षानुवर्षं निवाऱ्यात येऊन त्यांच्या हातचा फुकट चहा ढोसला होता. मी त्या दिवशी यवतमाळला मीटिंगला होतो. परत आल्यावर कळलं तसा मारेगावला धावलो. बाई बाजाराच्या ओट्यावर सापडल्या. लोकांच्या शेतात कापूस वेचून राह्यली म्हणाल्या. मी परत चला म्हटलं, खोली पाहतो म्हटलं. त्या म्हणाल्या, "खोलीचं भाडं तुम्ही किती दिवस भरसान? तुमचा करार बी आज हाये, उद्या नाही. अन् तुमच्या गावानं मले एकदा गाडीत बसवलं, भाऊ. माणसाले किती वेळा उचलून टाकायचं?" मी एकटाच परतलो.

थंडी कडाक्याची पडली त्या आठवड्यात त्या त्याच ओट्यावर वारल्या. सकाळी भाजीवाल्यांना दिसल्या. पिशवीत पालिकेचं जुनं ओळखपत्र होतं, म्हणून पोलिसांनी आमच्या ऑफिसला फोन केला. ऑफिसनं सांगितलं, त्यांचा करार संपलेला आहे, आमचा काही संबंध नाही. शिपायानं हळूच मला कळवलं नसतं तर बाई बेवारस म्हणूनच जाळल्या गेल्या असत्या. मी गेलो. राजूरहून वामन आला, त्यानं आपल्याबरोबर आणखी काहींना आणलं होतं, सगळे बाईंच्या शिव्या खाल्लेले. तिथल्या बुद्धविहारातल्या लोकांनी त्रिसरण म्हटलं. वामननं पुढचा खांदा कोणालाच बदलू दिला नाही. सोनाबाईला आम्ही सांगितलं नाही. ती नव्या घरात, आतल्या खाटेवर आहे, असं नाईकाचा मुलगा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. काय बोलायचं ते रात्रभर ठरवलं होतं, पण समोर उभा राहिलो तर तोंडून एवढंच निघालं, "साहेब, द्रुपदाबाई गेल्या."

"हो, कळलं मला. वाईट झालं," साहेब म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं असावं. पेन खाली ठेवून ते क्षणभर खिडकीबाहेर पाहत राहिले. मग म्हणाले, "एक मात्र आहे. त्या बोर्डाची मला इतके दिवस धाकधूक होती. आता काही प्रश्न नाही. आता तो खराच झाला."