एका सुकाणूवर चौघे

मे महिन्यात विशाखापट्टणमला जाऊ नका, असं सगळे ब्लॉग सांगतात. आम्ही मे महिन्यातच गेलो. काकाजींच्या जहाजावरच्या उरलेल्या मंडळींनी तेव्हाच भेटायचं ठरवलं होतं आणि ऐंशीच्या घरात भेटी पुढे ढकलायच्या नसतात.

काकाजी म्हणजे माझे सख्खे काका. आमच्या रायपूरला समुद्र नाही, बुढापारा मोहल्ल्यात तलाव आहे. त्या तलावाकाठी काकाजींनी पन्नास वर्षं एकच गोष्ट सांगितली आहे. एकाहत्तरच्या लढाईत शत्रूच्या पाणबुडीचा टॉर्पेडो सरळ अंगावर आला, काकाजींनी सुकाणू गर्रकन फिरवलं आणि अख्खी विनाशिका वाचली! ही विनाशिका तशी सेकंडहँडच. आधी इंग्रजांकडून दुसरं महायुद्ध लढली, मग आपण विकत घेतली, आपल्याकडूनही लढली आणि शेवटी भंगारात गेली. काकाजींची गोष्ट मात्र कधी भंगारात गेली नाही.

या गोष्टीपायी घरात कूलर नव्हता. "समुद्राचा खारा वारा खाल्लेल्या माणसाले कूलर कशाले?" असं म्हणून त्यांनी विषय संपवलेला. रायपूरच्या उन्हात त्यांना घाम फुटलेला मी पाहिला नाही. काकू बिचारी दर उन्हाळा डोक्यावर ओला टॉवेल घेऊन काढायची. वीराची बायको, बोलणार काय?

गाडी ओडिशातल्या टिटलागड, रायगडा या गावांवरून जाते. रायगडा सोडलं की डोंगर लागतात, तेव्हा खिडकी सोडू नका. तिकीट महिनाभर आधी काढा आणि खालचेच बर्थ मागा, नाहीतर म्हाताऱ्यांना वर चढवताना डब्याला फुकटचा तमाशा होतो. काकूने ठेठरी-खुर्मीचा, म्हणजे आमच्या छत्तीसगडी फराळाचा, डबा उघडला आणि काकाजींनी गोष्ट. समोरच्या बाईंनी विचारलं, "दादाजी, अकेले घुमाया?"

"और क्या! हात भर का पहिया था."

विशाखापट्टणमला उतरताना काकाजी माझ्या कानाशी लागले, "पोट्टे, तू काकूले पाणबुडी दाखवून आण. भेटीले मी एकटाच जातो."

"काहून?"

"काहून म्हणजे? असंच."

दाल में काला होतं. किनाऱ्यावर खरीखुरी पाणबुडी उभी करून ठेवली आहे, जरूर बघा, फक्त आत डोकं सांभाळा. काकूने ती पंधरा मिनिटांत उरकली. "यापेक्षा आपली गल्ली रुंद आहे व बाई," म्हणाली आणि रिक्षा थेट हॉटेलच्या हॉलकडे वळवायला लावली. तिला वीरांची मांदियाळी बघायची होती.

हॉलमध्ये काकाजी धरून चार म्हातारे आणि बाकी तिघांच्या बायका. जेवण झकास होतं, गोंगुऱ्याची, म्हणजे अंबाडीची, चटणी अजून जिभेवर आहे. बायकांच्या टेबलावर काकूने मोठ्या तोऱ्यात सुरुवात केली, "वो टॉर्पेडो आया था न, तब पहिये पे हमारे ये थे."

शेजारची चमकली. "आपके? हमारे ये थे!"

तिसरी म्हणाली, "अजी नहीं, हमारे तो पूरी कॉलनी को यही बताते हैं."

चौथीने कपाळावर हात मारला. चारही बायकांनी एकदम वळून नवऱ्यांकडे पाहिलं. एसी हॉलमध्ये काकाजी घामाने निथळत होते! मला इतकं हसू आलं की ठसका लागला.

तेवढ्यात एक म्हाताऱ्या बाई एकट्याच आत आल्या. हातात नवऱ्याचा खलाशाच्या वेषातला जुना फोटो. नवरा चार वर्षांपूर्वी वारला होता. त्या म्हणाल्या, "ये लड़ाई की बात कभी करते ही नहीं थे. कोई बताएगा, जहाज पर इनका क्या काम था?"

काकाजींनी एकदा काकूकडे पाहिलं. पन्नास वर्षांची इज्जत पणाला लागली होती, हे मला त्या चेहऱ्यावर लख्ख दिसलं. मग ते खुर्चीला धरून उठले.

"भाभीजी, पहिये पर ये थे. इन्होंने ही घुमाया. मैं तो नीचे बॉयलर पर था, मैंने समुंदर भी नहीं देखा."

बाकीच्या तिघांनी माना डोलावल्या. बाई फोटो छातीशी धरून रडल्या, आणि मीही रडले, सांगायला कसली लाज?

परतीच्या गाडीत मी विचारलं, "काकाजी, खरंच तेच होते?"

"तोच होता. तो कधी बोलला नाही, मग आम्ही त्याची गोष्ट वाटून घेतली. बॉयलरची गोष्ट कोण ऐकते? तिथं नुसती आग. जहाज कलंडलं, मी पडलो, एवढीच माझी लढाई."

रायपूरपर्यंत काकाजींनी काकूला तीनदा चहा विचारला, तिने तीनदा नको म्हणून मान हलवली.

घरी पोचलो, बॅगा टेकवल्या. काकूने डोक्यावर ओला टॉवेल घेतला आणि पलंगावर बसली.

"बॉयलरवर होते म्हणता?"

"हव."

"म्हणून तुम्हाले गरमी लागत नाही."

"हव."

"बॉयलरवर तुम्ही होते. मी नव्हते. कूलर आणा."

त्याच संध्याकाळी कूलर आला. आता गल्लीतले सगळे त्याच्यासमोर येऊन बसतात. परवा कोणीतरी सुकाणूची गोष्ट मागितली, तर काकूच म्हणाली, "ती दुसऱ्याची आहे. आमची बॉयलरची आहे, ती ऐका." आणि काकाजींच्या आधी तिनेच सांगायला सुरुवात केली.