साक्षीदार तारा

गच्चीवर चपला सापडेनात म्हणून मी दिवा लावला, ही माझी खगोलशास्त्रातली पहिली कामगिरी. दुर्बिणीला डोळा लावून बसलेले सर जागचे हलले नाहीत. डोळे मिटून एवढंच म्हणाले, "झालं. केलासा आंधळा मला."

मग त्यांचे डोळे अंधाराला पुन्हा सरावेपर्यंत आम्ही दोघं चोरासारखे गप्प बसून राहिलो. अंधारात माझं तोंड दिसत नव्हतं तेवढं बरं.

तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल, ज्याचं नाव कुणी घेत नाही, नुसतं 'सर' म्हटलं की सगळ्यांना कळतं. आमचे सर भिंतीला भिंत लावून राहणारे, शाळेत चित्रकला शिकवणारे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी गारगोटीला दिलेली. ईदला शिरखुर्म्याचं पातेलं घेऊन स्वतः यायचे आणि आमच्या हिला म्हणायचे, "वहिनी, साखर कमीच पडली की." साखर कधीच कमी पडलेली नसायची.

त्यांचं घर कौलारू, म्हणून दुर्बीण आमच्या गच्चीवर. आरसा त्यांनी स्वतः घासलेला, नळी डबे करणाऱ्याकडून पत्र्याची करून घेतलेली. आमच्या पाहुण्यांना ती पाण्याच्या टाकीचा भाग वाटायची.

मेष राशीत सरांचा एक तारा होता. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. सर सांगायचे, ते मुळात दोन तारे, एकमेकांना इतके खेटून फिरतात की एक दुसऱ्याचा वायू ओढून घेतो. तो वायू पडताना पेटतो, पण एकसारखा पडत नाही. गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाडं टाकली की जाळ भडकतो आणि बसतो, तसा त्या ताऱ्याचा उजेड मिनिटामिनिटाला कमीजास्त होतो. गल्लीतले मेष राशीवाले मात्र एवढंच विचारायचे, यंदा बढती आहे काय.

या ताऱ्याजवळच एक साधा, शांत तारा होता. सर त्याला साक्षीदार म्हणत. आधी साक्षीदार बघायचा, मग आपला. साक्षीदार स्थिर आणि आपला कमीजास्त, तर ते खरं. दोघांचाही उजेड हलला, तर दोष धुराचा, हवेचा. ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरलेली की आमचा थोरला गणितात नापास झाला आणि पेपरच अवघड होता म्हणाला, तेव्हाही सरांनी शांतपणे विचारलं, "साक्षीदार काय म्हणतो? शेजारच्या बाकावरचा पास झाला काय?"

माझं काम घड्याळ धरून मिनिट झालं की सांगायचं. अधूनमधून सर मलाही बघायला देत. मला सगळे तारे सारखेच दिसायचे. पण त्यांनी "उजेड चढला काय?" विचारलं की मी "चढला की" म्हणायचो. आमच्या कचेरीत साहेबांना असंच सांगतात.

एका थंडीत सर म्हणू लागले की साक्षीदारच हलतोय. मधेच बुडतो, परत वर येतो. "कोडोलीकडची गुऱ्हाळं लागल्यात न्हवं, धूर हाय," असं म्हणून ते भिंगं पुसत. आज धूर, उद्या धूर. मीही मान डोलवायचो.

मग गुऱ्हाळं बंद झाली. हवा निवळली, पन्हाळ्यावरचे दिवे आमच्या गच्चीवरून मोजता यावेत असे दिसू लागले. तरी सर म्हणत, धूर हाय. आता ते पोरांची चित्रं मान वाकडी करून बघत. एकदा आमच्याकडे चहा बशीत ओतताना तो बशीच्या बाहेर गेला. हिने मुकाट्याने फडकं फिरवलं. पेन्सिलीवर पोट असलेला माणूस, नोकरीची कितीतरी वर्षं उरलेली. त्यांनी काही विचारलं नाही, मीही विचारलं नाही. पण संध्याकाळ झाली, की मी जिना चढायला उशीर लावायचो.

अशाच एका संध्याकाळी ते स्टुलावरून उठले. "भाऊ, तुम्ही बसा. आपला बघू नका. नुसता साक्षीदार बघून सांगा."

मी डोळा लावला. इतक्या दिवसांत खरंच बघायची माझी पहिलीच वेळ. तो बारीक ठिपका भिंतीत खिळा ठोकावा तसा उभा होता. मी बघत राहिलो, मनात म्हटलं, हल रे बाबा. हलला तर धूर. नाही हलला, तर जे आम्ही दोघंही तोंडातून काढत नव्हतो, ते.

"हलतोय की," मी म्हणालो. "धूरच दिसतोय."

सर चाचपडत जिन्याच्या तोंडाशी गेले आणि त्यांनी हाक मारली, "वहिनी, जरा वर येता काय?"

ही राधानगरीकडची, बोलणं रोखठोक. भाकरीच्या पिठाचे हात तसेच घेऊन आली, येताना जिन्यातला दिवा कोपराने मालवून. काय बघायचं ते सरांनी सांगितलं. तिने हात बाजूला धरून डोळा लावला आणि चांगला वेळ घेतला. मी मागून हातवारे करत होतो. मिट्ट अंधारात हातवारे.

"गप्प हाय की सर," ती म्हणाली. "अजिबात हलत न्हाय."

"व्हय?" सर म्हणाले. "बरं झालं." मग त्यांनी दुर्बिणीवर कापड घातलं. गाठ मारायला त्यांना बराच वेळ लागला.

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना मिरजेला घेऊन गेलो. डोळ्याचा पडदा कडेने सुटत चालला होता. आणखी थोडे दिवस धुरावर काढले असते तर डोळा हातचा गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. शस्त्रक्रिया झाली. पेन्सिल टिकली, निवृत्तीपर्यंत सर फळ्यावर आंबे आणि तांब्ये काढत राहिले. बारीक तारे मात्र त्यांना पुन्हा दिसले नाहीत. नंतर ते गारगोटीला लेकीकडे गेले आणि तिथेच वारले. नळी आमच्या गच्चीवर आहे. मी कधीतरी साक्षीदार शोधतो. सापडत नाही.

त्या संध्याकाळी जेवताना मी हिच्यावर चिडलो होतो. म्हटलं, माणसाचं मन राखायला एक शब्द खोटा बोलली असतीस तर काय बिघडलं असतं?

तिने माझ्या ताटात भाकरी टाकली.

"खोटंच ऐकायचं असतं तर तुमच्यावर भागलं असतं की त्यांचं," ती म्हणाली. "मला कशाला हाक मारली असती?"