इस्त्रीने निघालेली लक्ष्मी

आमच्या घरात माझ्या धंद्याला कधी मान मिळाला नाही. सेक्टर ६ च्या मार्केटात माझं प्रिंटरची रिकामी कार्ट्रिज गोळा करून, साफ करून पुन्हा भरून द्यायचं दुकान आहे. भरण्याच्या पलीकडे गेलेली कार्ट्रिज पुनर्वापरवाल्यांच्या गाडीत जातात. आतून निघालेली वाया गेलेली काळी पूड, म्हणजे टोनर, तीही डब्यात बंद करून त्याच गाडीला द्यायची. बाबांची सारी नोकरी स्टील प्लांटच्या कोक ओव्हनमध्ये, म्हणजे दगडी कोळसा भाजून कोक करायच्या भट्टीवर गेली. त्यांना हे सगळं पोरखेळ वाटायचं.

"आमी लोहा बनवला, अन तू डबड्या धुवून राहिला," ते म्हणायचे. मी चिडायचो. ते आणखी खूश व्हायचे.

त्या दिवाळीत गाडी आलीच नाही, म्हणून पुडीचा एक डबा मी आमच्या प्लांटच्या क्वार्टरच्या मागच्या व्हरांड्यात ठेवला. झाकणावर मोठ्या अक्षरांत 'हात लावू नये' असं लिहिलं. आमच्या आईच्या लेखी अशा सूचना इतरांसाठी असतात.

क्वार्टरमधली ती आमची शेवटची दिवाळी होती. बाबा लवकरच रिटायर होणार होते, जुनवानीतलं आमचं स्वतःचं घर रंग देऊन तयार होतं आणि आईला तिकडे जायचं नव्हतं. तसं ती एकदाही बोलली नाही. पण सामान बांधायचा विषय निघाला की तिला नेमकं काहीतरी वाळत घालायचं आठवायचं.

लक्ष्मीपूजनाला तिने दारापासून देव्हाऱ्यापर्यंत लक्ष्मीची पावलं काढली. आत पांढरी रांगोळी, कडेला काळी किनार. काळ्यासाठी आमच्या ओळीतल्या सगळ्या बायका कोकची भुकटी वापरत. तेव्हा कोक ओव्हनवाल्याच्या घरात काळी पूड सापडली तर ती दुसरी कशाची असणार? "औंदा भुकटी मोठी मऊ सापडली," असं तिने शेजारणीला कौतुकाने सांगितलंही.

भाऊबीज झाल्यावर तिने फडकं फिरवलं. पांढरं गेलं, काळं राहिलं. मी दुकानातून आलो तर बाबा गॅसवर पातेलंभर पाणी उकळत होते.

"बाबा, गरम पाणी नका टाकू! ते टोनर आहे, उष्णतेनं चिकटते!"

"सारी जिंदगी काळ्यात गेली माही. काळं कसं काढावं, थे तू मले शिकवते?"

आणि ओतलं. टोनर म्हणजे शेवटी प्लास्टिकचीच पूड, गरम झाली की मऊ होऊन धरून बसते. पावलं जी बसली ती बसलीच. बाबांनी घासणी झिजवली, मग गुडघे. आई मात्र कमरेवर हात ठेवून शांतपणे बघत होती.

"पाहा," ती म्हणाली, "लक्ष्मी बसली ना घरात? आता तिले टाकून मी कशी जाऊ?"

झालं! खोकी उघडली गेली, बांधलेली भांडी फळीवर परतली. ओळीतल्या बायका नमस्काराला येऊ लागल्या. एकीने तर नारळ फोडला. क्वार्टर परत घेण्याआधी तपासायला आलेले प्लांटचे बाबू पावलं बघून दारातच थबकले. त्यांनी बूट काढले, भिंतीला पाठ लावून कडेकडेने खेकड्यासारखे आत गेले आणि तसेच बाहेर आले. "लक्ष्मी मिटाओ, ऐसा मैं कैसे लिखूँ?" म्हणाले आणि चहा पिऊन निघून गेले.

तिसऱ्या दिवशी बाबांनी इस्त्री काढली. साडीवर मेण सांडलं की आई त्यावर कागद ठेवून इस्त्री फिरवायची, ते त्यांना आठवलं होतं. त्यांनी जुनी वर्तमानपत्रं घेतली. लक्ष्मी कोणाच्या श्रद्धांजलीवर उमटू नये म्हणून पानं निवडून, चिकटवून एक लांब पट्टी केली आणि गुडघ्यांवर बसून आमच्या घराला इस्त्री करू लागले. मला हसू आवरेना. पूड, कागद, उष्णता, दाब: प्रिंटरच्या पोटात दुसरं काय असतं? ज्या धंद्याला नावं ठेवली तोच धंदा बाबा घामाघूम होऊन करत होते.

कागद उचलला तर फरशीवर फिकट डाग उरले होते आणि पट्टीवर लक्ष्मी चालत होती. बाबांनी ती अलगद फिरवून पावलांची बोटं दाराबाहेर केली.

"हे घे. निघाली थे. आता चाल."

आई वाकून बघत राहिली. तिने लक्ष्मीला रीतीप्रमाणे उजवं पाऊल आधी टाकून आत आणलं होतं. कागदावर सगळं उलटं उमटलं होतं. पहिलं पाऊल डावं होतं. आता ही अपशकुन म्हणणार, सगळं मुसळ केरात, असं वाटून मला बाबांची फार दया आली.

"उलटं छपलं वं," बाबा ओशाळून म्हणाले.

आईने पदराने डोळे पुसले. "असू द्या, जी. घर सोडताना कोणाचं पाऊल सरळ पडते?"

मग तिने पट्टीची घडी केली आणि मला माळ्यावरून खोकी काढायला सांगितलं.