मागच्या दाराकडचे श्रोते

फोन आला तेव्हा मी बसची वाट पाहत उभी होते. नवा रायपूरला मुलीकडे जायचं म्हणजे बसची वाट पाहणं आलंच. रस्ते ऐसपैस, पण बस येईल तेव्हा खरी. फोन पंकजचा होता. पंकज म्हणजे माझ्या बालमैत्रिणीच्या, कुंदाच्या, भावाचा मुलगा. मराठी त्याला सगळी कळते, बोलतो मात्र हिंदीच. "मौसी, बुआ नहीं रहीं," एवढंच म्हणाला. मी फोन पर्समध्ये टाकला. मग बस आली, उभी राहिली, निघून गेली... आणि मी कुंदाच्या घरी, गुढियारीकडे जाणारी रिक्षा शोधू लागले.

दोनच दिवसांपूर्वी मी तिला दवाखान्यात भेटले होते. दम लागत होता म्हणून ठेवलं होतं, पण चेहऱ्यावर आजारपण कमी आणि उत्सुकता जास्त. उशाशी एक यंत्र मधूनमधून टीं-टीं करायचं. नर्स आली तशी कुंदानं तिला विचारलं, "सिस्टर, ये मशीन किसके लिए बजती है? मेरे लिए कि आपके लिए?" नर्स हसून म्हणाली, "हमारे लिए, आंटी." कुंदा माझ्याकडे वळली. "पाह्यलं? ऐकणारं कोण आहे, ते पह्यले समजलं पाह्यजे." साठी उलटून गेलेली बाई, नाकात ऑक्सिजनची नळी, आणि हिला पडलंय यंत्राचा श्रोता कोण याचं! मी तिला रागावलेही. आता वाटतं, तिचं सारं आयुष्य त्या एका प्रश्नामागेच गेलं.

आम्ही गुढियारीत शेजारीशेजारी वाढलो. दोघींचीही घरं वर्ध्याकडून रेल्वेच्या नोकरीपायी इकडे आलेली. तिचे बाबा मालगाडीचे गार्ड. इतर पोरी बाहुल्या खेळायच्या, ही रुळांकडे तोंड करून बसायची. ही गाडी कुठे जाते? यात कोळसा काहून भरला? तो उतरवणारे कोण? तिचे बाबा दमून म्हणायचे, "ही पोट्टी नाही, काहून आहे!" काहून म्हणजे का, कशासाठी; आणि तेच नाव पडलं. शाळेत बाईसुद्धा हाक मारायच्या, "ए काहून, उत्तर सांग." पुढे बी.ए. होऊन ती रायपूरच्या रेडिओ केंद्रावर नैमित्तिक निवेदिका म्हणून लागली. हिंदी स्वच्छ, छत्तीसगढी तर पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, मैत्रिणींकडून शिकलेली, अगदी घरच्यासारखी. मराठी मात्र आमची ती तशीच, मले-तुलेवाली.

मग लग्न झालं. वसंतराव विमा कंपनीत होते. काही वर्षांनी त्यांची बदली झाली ती थेट कोकणात, समुद्रकाठच्या एका गावी. गावाचं नाव लिहीत नाही. आता तिथं सुट्टीत पाय ठेवायला जागा नसते, एवढं सांगितलं तरी पुरे. कुंदानं तोवर समुद्र पाहिलेला नव्हता. पोहोचल्यावर तिचा फोन आला. "अवो, हा थांबतच नाही! मी तासभर पाहून राहिली, हा जाते अन् येते, जाते अन् येते. याले कोणी सांगितलं आहे का?" शेवटी भरती-ओहोटीचं गणित तिनं एका म्हाताऱ्या होडीवाल्याकडून समजून घेतलं तेव्हा कुठे तिला स्वस्थता मिळाली.

त्या गावात एक छोटं खासगी एफएम केंद्र होतं, एका दुकानाच्या माडीवर. कुंदा चौकशी करायला म्हणून जिना चढली आणि सकाळचा कार्यक्रम घेऊन उतरली. भरती किती वाजता, खाडीवरची तर, म्हणजे होडी, सुटणार की नाही, बाजारात कुठली मासळी आली, कोणाची गाय हरवली, कोणाकडे बारसं... असा तो कार्यक्रम. सुरुवातीला लोक फोन करून विचारत, "बाय, तू खंयची?" ती सांगे, "रायपूरची. तिकडे समुद्र नाही, म्हणून तर विचारून राहिली." सगळं गाव तिच्या बोलीला हसलं आणि मग त्या बोलीवाचून त्या गावाची सकाळ होईना. वसंतराव अचानक गेले तेव्हा आम्हाला वाटलं, आता ही परत येईल. ती म्हणाली, "येऊन काय करू? इथं रोज सकाळी लोक माझ्याशी बोलते." मूलबाळ नव्हतं. ती तिथंच राहिली.

पुढे केंद्राच्या मालकानं ते एका मोठ्या शहरातल्या कंपनीला विकलं. कंपनीनं एक तरुण मॅनेजर पाठवला. चांगला मुलगा होता, कुंदाच सांगायची. त्यानं सगळ्यांना बसवून सांगितलं की आता आपला श्रोता म्हणजे पर्यटक. त्याला गाय हरवल्याचं कळून काय करायचंय? एकामागून एक गाणी, मध्ये एखादं चटपटीत वाक्य, तेही हिंदी-इंग्रजीत. भरतीची वेळ बंद, तरीची बातमी बंद. आणि 'कुंदा' हे नाव जुनाट वाटतं, म्हणून आजपासून तुम्ही 'कायरा'. तिनं मला फोन केला तेव्हा मला वाटलं रडेल. ती खदाखदा हसत होती. "अवो, या वयात माझं बारसं झालं!" हसणं संपल्यावर मात्र म्हणाली, "पण मले एक समजत नाही. हा म्हणते पर्यटक ऐकते. कोण ऐकते? कुठं ऐकते? मी जाऊन पाह्यतो."

आणि खरंच गेली. कितीतरी दुपारी वाळूवरून हिंडली. छत्रीखाली बसलेल्यांना, गाडीतून उतरणाऱ्यांना, नारळपाणी पिणाऱ्यांना विचारत सुटली, आमचं स्टेशन ऐकता का? एकानंही हो म्हटलं नाही. ज्याचीत्याची गाणी ज्याच्यात्याच्या मोबाइलमध्ये. तहान लागली म्हणून एका मोठ्या हॉटेलाच्या मागच्या बाजूनं नळ शोधत गेली, तर स्वयंपाकघराचं दार उघडं होतं, आणि आतून तिचाच आवाज येत होता! पिठाच्या डब्यावर ठेवलेल्या रेडिओतून सकाळीच ध्वनिमुद्रित करून ठेवलेली कायरा बोलत होती, आणि खाली बसून चारपाच जण कांदे चिरत होते. एक दुसऱ्याला काहीतरी म्हणाला, आणि कुंदा दारातच थबकली. ते छत्तीसगढी बोलत होते.

"कोन गाँव के अव गा?" तिनं विचारलं, कुठल्या गावचे रे तुम्ही? चाकू थांबले. त्यांच्यातला एक, धनीराम, उठून उभाच राहिला. "महासमुंद कोती के... फेर तुमन हमर बोली कइसे जानथव?" महासमुंदकडचे, पण आमची बोली तुम्हाला कशी येते? कुंदा म्हणाली, "मैं रायपुर के बेटी आँव." मग तिला पाट मिळाला, पाणी मिळालं, चहा मिळाला. रेडिओतली ती कायरा मीच, हे तिनं सांगितलं तर कोणाचा विश्वास बसेना. त्या दिवसानंतर ती आणखी हॉटेलांच्या मागच्या दारांनी डोकावत गेली. कुठे छत्तीसगढचे, कुठे ओडिशाचे, कुठे झारखंडचे... समोर पर्यटक, मागे हे. आणि रेडिओ लागायचा तो मागेच.

दुसऱ्या दिवशी दोन गाण्यांच्या मध्ये, चटपटीत वाक्याच्या जागी, ती बोलली: "रंधनी खोली म जतका संगवारी हव, सबो ला जोहार. तुमन अपन खाय हव कि नइ?" स्वयंपाकघरातल्या सगळ्या सोबत्यांना नमस्कार, तुम्ही स्वतः जेवलात की नाही? गाणं सुरू व्हायच्या आत फोन वाजू लागले. मॅनेजर धावत आला. हे काय, ही कुठली भाषा, कंपनीनं ऐकलं तर? कुंदानं त्याला म्हटलं, "रागाव नंतर. पह्यले एक फोन तर उचल." त्यानं उचलला. पलीकडचा माणूस बोलत राहिला, बोलत राहिला, आणि मॅनेजरला एक शब्द कळेना. पण ठेवेना तो फोन. शेवटी त्यानं विचारलं, "ये क्या बोल रहा था?" कुंदा म्हणाली, "बोल रहा था, अभी तक खाना नहीं खाया."

त्या मुलानं स्वतःच्या जबाबदारीवर तिला दुपारचा अर्धा तास दिला. पर्यटकांची जेवणं आटोपून भांडी घासायला पडतात, ती वेळ. कार्यक्रमाचं नाव 'पीछे का दरवाज़ा'. त्यात ती काही सांगायची नाही, नुसतं विचारायची. आज तुम्ही तुमच्यासाठी काय रांधलं? कसं रांधलं? गावाकडे आता शेतात काय असेल? धनीराम तर जवळजवळ रोजचा. आलू-भाटा, म्हणजे बटाटा-वांग्याची रस्साभाजी, ती हॉटेलातल्या मोठ्या आचेवर करायची तर काय पंचाईत होते, हे त्यानं एकदा इतकं रंगवून सांगितलं होतं म्हणे, की गावातल्या बायकांनी फोन करून कृती विचारली.

एके दुपारी मात्र तो वेगळंच बोलला. बाप अंथरुणाला खिळलाय, आणि मालक रजा देत नाही, हंगाम आहे म्हणतो. हे सगळ्या किनाऱ्यानं ऐकलं. संध्याकाळच्या आत हॉटेलाची जाहिरात बंद झाल्याचा निरोप केंद्रावर आला. मॅनेजर घाबरला, कार्यक्रम थांबवा म्हणाला. धनीरामची नोकरीही आता जाणार, हे कुंदाला दिसत होतं. "माझ्यापायी त्या पोट्ट्याची भाकर गेली असती," ती मला सांगायची, "म्हणून गेली हॉटेलाच्या मालकाकडे."

मालक तिथलाच, साठीचा. कुंदा समोर बसून बोलू लागली आणि दोन वाक्यांत त्याचा चेहरा बदलला. "तुम्ही? भरती सांगणाऱ्या? अहो, मला वाटलं तुम्ही गाव सोडून गेलात! सकाळी तुमचा आवाज बंद झाला तेव्हापासून मी रेडिओ लावलाच नाही. मग लोक सांगतात ती कायरा कोण?" कुंदा म्हणाली, "तेही मीच, साहेब. भरती बंद केली त्याइनं. आता म्हटलं, जे उरले त्यांच्याशी तरी बोलावं." त्यानं आतून धनीरामला बोलावून घेतलं. रजा दिली, आणि गाडी पकडायला स्टेशनापर्यंत स्वतःची जीपही. धनीराम घरी पोचला तेव्हा बापाला बोलता येत होतं. चार-आठ दिवस ते दोघे बोलले. त्यानंतर बाप गेला.

जाहिरात परत आली, आणि कार्यक्रम तीनेक वर्षं चालला. नंतर कंपनीनं पुन्हा सगळं बदललं. आता कार्यक्रम एकाच मोठ्या शहरातून, सगळ्या किनाऱ्याला तोच. इथं फक्त एक संगणक. निरोप घ्यायलाही तिला वेळ मिळाला नाही, गाणी आधीच भरून ठेवली होती. संगणक बसवणाऱ्या माणसाला तिनं विचारलं, "इथं वादळ आलं, तर याले कसं कळते?" तो म्हणाला, "नहीं पता चलता, मैडम." तिनं मान हलवली, पर्स उचलली आणि जिना उतरली.

रायपूरला परतल्यावर मी तिला विचारलं होतं, तुला राग नाही आला? "आला ना. खूप आला," ती म्हणाली. "पण त्याच्याहून जास्त नवल वाटलं. इतके मोठे लोक, इतके शिकलेले, अन् ऐकणाऱ्याले पाहाले कोणीच उठून गेलं नाही." तिच्या आवाजाची एकही ध्वनिफीत कोणाकडे नाही. केंद्रानं ठेवली नाही, तिलाही कधी सुचलं नाही. शेवटची वर्षं भावाच्या घरी मागच्या दोन खोल्यांत गेली. उरला नावाच्या औद्योगिक भागातल्या कारखान्यांतून पाळी संपवून येणारे कामगार, भाजीवाली, कुरिअरवाला... जो दिसेल त्याला थांबवून ती विचारत राहिली.

तेराव्यानंतरच्या रविवारी मी तिथं होते. पंकजनं तिच्या मोबाइलमधल्या सगळ्यांना निरोप पाठवला होता. दुपारी एक जोडपं दारात आलं. बसनं आले होते, महासमुंदकडून. माणूस चाळिशीचा, हातात पिशवी. भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोसमोर तो उभा राहिला. मी म्हटलं, "आपण?" तो म्हणाला, "धनीराम." मग बायकोला हळूच सांगितलं, "एही दीदी आय." याच त्या दीदी. मी काहून-कशाला न विचारता त्याला पाणी दिलं. त्यानं आता महासमुंदच्या स्टँडजवळ स्वतःचा डोशाचा ठेला टाकलाय, हे तेवढ्यात कळलं. पंकज त्याच्याशी बोलत बसला, खोदून खोदून विचारत. आपल्या बुआनं तिकडे काय केलं ते त्याला पहिल्यांदाच नीट कळत होतं. मध्येच तो मला मराठीत म्हणाला, "मौसी, हे आपल्याले कोणी काहून नाही सांगितलं?" मी त्याच्याकडे पाहतच राहिले.

जेवायची वेळ झाली तशी मी उठले. धनीराम म्हणाला, "मौसी, आप बैठिए." आणि विचारल्यासारखं करून, उत्तराची वाट न पाहता, तो कुंदाच्या स्वयंपाकघरात गेला. पिशवीतून वांगी निघाली, बटाटे निघाले. डबे कुठले, मिठाची बरणी कुठली, हे त्यानं आपलं आपणच शोधलं. त्या गॅसपाशी गेल्या कित्येक दिवसांत कोणी काही रांधलं नव्हतं. फोडणीचा वास माजघरात आला तेव्हा कुंदाची वहिनी पदर डोळ्यांना लावून बाहेर जाऊन बसली, आणि मग परत आत आली.

आम्ही पाटावर बसलो. तो मात्र बसेना. ताटं वाढून दाराशी उभा राहिला, खांद्यावर फडकं टाकून, हॉटेलात उभा राहत असेल तसा. पंकजनं पहिला घास घेतला. धनीरामनं त्याच्याकडे, माझ्याकडे, मग भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं, आणि विचारलं,

"नमक ठीक है?"