न घडलेल्याचं व्याकरण

सोलापुरात मी गिरणी कामगारांना संध्याकाळी इंग्रजी शिकवायचो. त्यातला एक विणकर मला अगदी मेटाकुटीला आणायचा. जे घडलंच नाही, त्याला ‘इफ’नंतर ‘हॅड’ लावायचं, हे महिनाभर घोकून घेतलं. तरी दर वेळी अंगठ्यानं पाटी पुसून तो विचारायचा, "मास्तर, झालंच न्हाय तर ‘हॅड’ कशाला?"

एकदा मी ओरडलोच, "तुमच्या मनातलं एखादं वाक्य लिहा आणि सोडवा मला!"

त्यानं सावकाश इंग्रजीत लिहिलं: मला तार वाचता आली असती, तर आई जिवंत भेटली असती.

"तार इंग्रजीत व्हती की," तो म्हणाला. "वाचणारा मिळंस्तवर दोन दिस गेलं."

वाक्य पहिल्यांदाच अचूक होतं. शाबासकी कशी द्यावी, ते मला कळेना.