सारंगकाकांचा डेक

श्रावण लागला त्याच आठवड्यात काका माझ्या ओटीवर येऊन बसले. काखेत गोणपाटाची गुंडाळी. ती उलगडली आणि फळीचा हातभर तुकडा माझ्या पुढ्यात ठेवला. मी उचलून दोन बोटांनी दाबला. भिजलेल्या बिस्किटासारखा तुटला.

"ह्यां बगा, मेस्त्रीनू. तुमचा लाकूड."

मी तो तुकडा उलटसुलट करून बघत राहिलो. तोंड उघडलं असतं तर नको ते बोललो असतो. कारण काकांचं घर मीच बांधलं होतं दोन वर्षांपूर्वी. आणि गेल्याच वर्षी त्याच्या माजघराच्या कुजलेल्या फळ्या मी बदलल्या होत्या. तेव्हा छाती ठोकून सांगितलं होतं, की आता वीस वर्षं खाली वाकून बघायचं काम नाही.

मी बिल्डिंग कॉन्ट्रॅक्टर. मूळ खारेपाटणचा, पण सगळी हयात मालवणच्या किनाऱ्यावर बांधकामं करण्यात गेली. गोवा मोकळा झाला त्या सुमाराची ही गोष्ट. तेव्हा आम्हाला कॉन्ट्रॅक्टर कोणी म्हणत नसे, मेस्त्री म्हणत. आणि काका म्हणजे देवबागचे सारंग. सारंग हे त्यांचं आडनाव नव्हे. बोटीवरच्या खलाशांचा जो मुकादम असतो, त्याला सारंग म्हणतात. तीस वर्षं बोटीवर काढून ते कायमचे घरी आले आणि पहिलं काय केलं, तर जुनं मातीचं घर पाडून नवीन बांधायला मला बोलावलं.

"जमीन फळयेची व्हयी," त्यांनी सांगितलं. "डेकासारकी."

स्वयंपाकघराच्या दारातून काकी म्हणाल्या, "शेणान सारवलेली काय वायट आसा?" आम्ही दोघेही हसलो. काकांनी हातानंच त्यांना गप्प केलं आणि मी मोजमापं घ्यायला लागलो. हे इथे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे मला ते फार आठवलं.

आता थोडं कामाचं सांगतो. घर ज्या उंच बैठकीवर उभं असतं त्याला जोतं म्हणतात. आपल्याकडे ते आतून भरून घेतात. पण फळ्यांची जमीन करायची तर खालून वारा लागतो, म्हणून मी जोतं पोकळ ठेवलं. चिऱ्याच्या ठेंगण्या भिंती, त्यांवर आडव्या तुळया, तुळयांवर फळ्या. खाली माणूस पोटावर सरपटत जाईल एवढी जागा. वारा खेळावा म्हणून जोत्याला चारी बाजूंनी झरोके ठेवले, साप शिरू नये म्हणून त्यांना तारेची जाळी मारली. कागदावर काम एकदम फर्स्ट क्लास होतं.

पहिला पावसाळा गेला आणि माजघराच्या चार फळ्या दबल्या. मी खाली सरपटत गेलो तर आत काळोख. एकाही झरोक्यातून उजेड नाही. काकांनी सगळे झरोके काथ्या आणि डांबर ठासून बंद केले होते.

"हे कोणी केलं?"

"मीच. उधाणाचा पाणी भितर येता म्हणान. बोटीच्या पोटाक कोण भोकां ठेयता?"

"काका, हे घर आहे. बोट नाही."

"ता माका म्हायत आसा."

मी झरोके मोकळे केले, फळ्या आणि दोन तुळया बदलल्या आणि वाटलं, रोग सापडला. लाकडाला पाणी लागलं म्हणून ते कुजत नाही. लागलेलं पाणी वाळलं नाही की कुजतं. वारा कोंडला, ओल बसली, ओलीवर बुरशी आली, बुरशीनं लाकूड खाल्लं. सरळ हिशेब. काकांना चार शब्द सुनावले, त्यांनी "बरां" म्हणून मान हलवली आणि मी घरी आलो.

आणि आता हा तुकडा.

"झरोके परत बुजवले असणार तुम्ही," मी म्हणालो.

"सगळे उघडे आसत. येवन बगा." मग ते थांबले. एवढा धिप्पाड माणूस, पण आवाज खाली गेला. "तिचो पाय गेलो, मेस्त्रीनू. पेजेचा तोप घेवन येय होती. गुडघ्यापर्यंत पाय खाली गेलो. सगळी कातडी सोलान निघाली."

"काकींचा? मग आता कशा आहेत?"

"आरोंद्याक. भावाकडे. म्हणता, जमीन घट आसा असा मेस्त्री येवन सांगतले तेवाच येतलंय. माझ्यार तिचो विश्वास नाय." त्यांनी गोणपाट पुन्हा गुंडाळायला घेतलं. "चवथ म्हयन्यार इली. घरात बायल नाय तर गणपती कोणासाठी हाडू?"

तीस वर्षं त्या बाईनं नवऱ्याची वाट बघितली. नवरा घरी आला आणि दोन वर्षांत ती घर सोडून गेली, ती मी घातलेल्या जमिनीपायी. 

दुसऱ्या दिवशी होडीनं देवबागला गेलो. झरोके खरंच उघडे होते. विठू सुताराला बरोबर घेतलं होतं. तो वरून फळ्या ठोकून बघत होता, मी खाली बॅटरी आणि पेचकस घेऊन पोटावर. कूज तपासायची साधी पद्धत आहे. लाकडात पेचकस टोचायचा. चांगल्या लाकडात टोक अडतं, कुजक्यात लोण्यात शिरावं तसं शिरतं. वाळवी असेल तर मातीच्या नळ्या दिसतात. इथे नळ्या नव्हत्या. लाकडाच्या चौकोनी ठिकऱ्या सुटत होत्या आणि अळंब्यांचा वास येत होता. म्हणजे कूजच.

पण गंमत अशी, की खोलीच्या मधोमध सगळं ठणठणीत. खालची वाळूसुद्धा कोरडी. कुजली होती ती फक्त भिंतीलगतची टोकं, आणि तिथली वाळू ओली. मी कौलं बघितली. एक थेंब गळत नव्हता. भिंतीला बाहेरून ओल नव्हती. उधाणाचं पाणी जोत्याच्या पायथ्यापर्यंतही आलं नव्हतं. दिवसभर मी त्या घराभोवती फिरलो. विठू म्हणाला, "मेस्त्रीनू, कोणीतरी करणी केलेली दिसता." मी त्याला म्हटलं, तू तुझा रंधा सांभाळ.

संध्याकाळी वारा उठला, होड्या बंद झाल्या आणि आम्हाला तिथेच पडवीत मुक्काम करावा लागला. ही एक गोष्ट नशिबाची. कारण आजवर मी त्या घरी कधी दहाच्या आत पोचलोच नव्हतो.

पहाटे उजाडता उजाडता पाण्याचा आवाज झाला. फस्स. मग खराट्याची खरखर. मग परत फस्स. उठून बघतो तर काका. लुंगी गुडघ्यावर खोचलेली, बादली हातात, माजघरभर पाणी. एवढी फळ्यांची वाट लागलेली असताना हा माणूस बाजूनं, कुजका भाग चुकवून, सगळी जमीन घसघसून धूत होता. आणि तोंडानं शीळ घालत होता.

मी अंगणात उतरलो आणि खाली वाकून झरोक्यातून बॅटरी मारून बघितलं. भिंतीच्या कडेनं तुळयांच्या टोकांवर पाणी धो धो उतरत होतं.

"काका, हे काय चाललंय?"

"डेक धुतंय."

"रोज?"

"रोज. कित्याक?"

मी तिथेच पायरीवर बसलो. हसावं की रडावं कळेना. दोन वर्षं. रोज सकाळी. मी फळ्या बदलतोय, तुळया बदलतोय, झरोके उघडतोय, आणि हा गृहस्थ रोज पहाटे दहा बादल्या ओततोय. वर हौसेनं फळ्यांच्या फटींतसुद्धा काथ्या आणि डांबर ठोकलेलं, बोटीवर ठोकतात तसं. मला ते बघून मागे कौतुक वाटलं होतं. आता कळलं. फटी बंद, म्हणून पाणी मधून खाली जात नव्हतं. वाहत कडेला जायचं आणि भिंतीत घातलेल्या टोकांवर उतरायचं. दहा वाजेपर्यंत वरची जमीन वाळून लख्ख. मी येणार, मला काही दिसणार नाही.

"मला सांगितलं का नाहीत?"

"ह्यां काय सांगूचा? तुमी दात घासतास ता कोणाक सांगतास?"

"लाकूड कुजतं यानं!"

"तीस वर्सां डेक धुतलंय मी. एक फळी कुजली नाय."

"कुठल्या पाण्यानं धूत होता?"

"दर्याच्या."

"आणि इथे?"

"बावीच्या."

मग मी त्यांना समजावलं. खाऱ्या पाण्यानं लाकूड मुरतं, गोड्या पाण्यानं कुजतं. आणि डेकवर ऊन-वारा असतो, धुतल्यावर घटकेत सुकतो. माजघराच्या कोपऱ्यात, भिंतीत चिणलेल्या तुळईच्या टोकाला कुठलं ऊन? काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. विचार केला. मग म्हणाले, "मगे दर्याचा पाणी हाडतंय. दर्यो पन्नास पावलांर आसा."

मी डोक्याला हात लावला.

काम मात्र नीट केलं. भिंतीलगतच्या सगळ्या फळ्या उचलल्या. जिथे कूज दिसत होती तिथे कापून थांबलो नाही, हातभर पुढचं चांगलं लाकूडही कापलं, कारण बुरशी दिसते त्याच्यापुढे गेलेली असते. ओली वाळू उपसून टाकली. गेल्या वेळी माझीही एक चूक झाली होती, ती लपवत नाही. तुळयांची टोकं मी चुना घालून भिंतीत घट्ट बसवली होती. आता ती जांभ्याच्या सपाट दगडावर टेकवली आणि भोवती बोटभर मोकळी जागा ठेवली. नवीन लाकूड किंजळीचं, फक्त आतला जून भाग, त्याला होड्यांना लावतात ते उंडीचं तेल. फटींतलं डांबर सगळं खरवडून काढलं.

एवढं झाल्यावर मी काम थांबवलं. फळ्या लावायच्या आधी आतली ओल वाऱ्यानं सुकू द्यायची होती.

"किती दिवस?" काका रोज विचारत.

"सुकेल तेवढे."

"चवथ इली रे बाबा."

"ओलं झाकलं तर पुढच्या चवथीला काकी परत आरोंद्याला."

यावर ते उठून विहिरीकडे जात. रोज सकाळी बादली घेऊन दारात उभे राहत आणि नुसते बघत. मला दया आली, खोटं कशाला बोलू. पायरीसमोर अंगणात मी चिऱ्यांची फरसबंदी करून दिली, उतार माडाच्या आळ्याकडे. म्हटलं, हा तुमचा डेक. इथे काय ओतायचं ते ओता. उंबऱ्याच्या आत बादली आली तर मी पुन्हा येणार नाही.

फळ्या बसल्यावर मी आरोंद्याला गेलो. काकी भावाच्या ओटीवर पाय लांब करून बसल्या होत्या. पायाला अजून पट्टी होती. मी सगळं सांगायला सुरुवात केली, तुळया, वाळू, किंजळ. त्यांनी मध्येच अडवलं.

"पाणी मारूचा बंद केल्यानी?"

मी बघतच राहिलो. "तुम्हाला माहीत होतं?"

"माका नाय तर कोणाक? रोज सकाळी कोंबडी भिजान जोत्याखालसून भायर येय. वर पाणी, खाली पाणी, लाकूड कुजात नाय तर काय करात?"

"मग मला बोलला का नाहीत?"

"तुमी इचारलास खंय? दोनदा इलास, दोनदा तेंच्याकडेच बोललास. माका चाय करूक सांगलास."

मला पहिल्या दिवशीचं आमचं हसणं आठवलं. आजही आठवतं.

"आणि काकांना का नाही थांबवलंत?"

त्या जरा वेळ पट्टी चाचपत राहिल्या. "तीस वर्सांनी घोव घरात रवलो, मेस्त्रीनू. सकाळी उठान शीळ घालता. खुश आसता. तेका नको कसा म्हणू? म्हटलंय, कुजूंदे लाकूड. पण पाय गेलो तेवा माका कळला, आता लाकडाबरोबर मी पण जातलंय."

चवथीच्या दोन दिवस आधी त्या आल्या. काका फरसबंदीवर ओल्या पायांनी उभे होते. काकी त्यांच्याशी न बोलता पुढे गेल्या, माजघरात शिरल्या आणि भिंतीलगत चारी कोपऱ्यांत टाच आपटून बघितली. अगदी नेमकी तिथेच, जिथे मला शोधायला दोन वर्षं लागली. मग वळून मला विचारलं, "आता गॅरंटी कोणाची?"

"लाकडाची माझी," मी म्हणालो. "काकांची तुमची."

"आयकलास मा?" त्या दाराकडे बघून म्हणाल्या.

"आयकलंय," काका बाहेरून म्हणाले.

त्या जमिनीला मी परत हात लावला नाही, लावायची वेळच आली नाही. पुढे पुष्कळ घरांच्या जोत्याखाली सरपटलो. पेचकस आणि बॅटरी अजूनही बरोबर असते. पण आधी स्वयंपाकघरात जातो आणि चहा नको असं सांगून तिथेच खाली बसतो.